बाजी कायम

राजपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर दुपारी चारच्या सुमारास पट मांडला जायचा. पट कापडाचा होता, नुसत्या रेघा शिवलेल्या. आजच्यासारखी काळी-पांढरी घरं त्यावर नव्हती. मोहरी लाकडाची, एक बाजू लाल आणि एक हिरवी. लाल मोहरी आमच्या दादाजींची. हिरवी मास्टरसाहेबांची. दादाजींचं सुताचं दुकान होतं. मास्टरसाहेब उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. दोघं एकमेकांना ‘सेठजी’ आणि ‘मास्टरसाहेब’ म्हणायचे, आणि पटावर बसले की तेवढंही बोलायचे नाहीत.

दिवस कलला की दोघांनाही उठावं लागायचं. दादाजींना सूर्य बुडायच्या आत जेवायचं असायचं, मास्टरसाहेबांना मगरिबच्या नमाजाला जायचं असायचं. डाव रंगात असला तर पट तसाच झाकून ठेवायचा, वर परात उपडी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचं. पण काही वेळा दोघंही बराच वेळ पटाकडे बघत राहायचे. मग त्यांच्यापैकी एक जण म्हणायचा, “बाजी कायम?” दुसरा मान हलवायचा, “कायम.” आणि मोहरी पिशवीत जायची.

मला त्याचं फार नवल वाटायचं. कायम म्हणजे नेहमीसाठी, कधी न हलणारं, असं आम्ही शाळेत शिकलो होतो. आणि इथे तर कायम म्हटलं की दोन मिनिटांत पट रिकामा! मी बाईंना, म्हणजे माझ्या आजीला विचारलं. बाई म्हणाल्या, “कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, म्हणजे कायम. तुझ्या दादाजींना तेच बरं पडतं.” बाईंचं खेळाशी तसं पटत नसे. मोहरं ‘मारलं’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “घेतलं म्हणा,” त्या आतून ओरडायच्या. त्यामुळे आमच्या ओट्यावर मोहरी कधी मेली नाहीत, नुसती घेतली गेली.

आता सत्तरीला आल्यावर या खेळाचा इतिहास वाचायला बसले, तेव्हा कळलं की ‘कायम’ हा मास्टरसाहेबांचा घरगुती शब्द नव्हता. फारसी-उर्दूत बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की तो ‘कायम’ होतो. मूळ अर्थ उभा असलेला. दोन्ही राजे उभेच राहिले, कुणी पडला नाही. मराठीत हा शब्द आला तेव्हा त्यातला खेळ गळून गेला आणि ‘नेहमीचं’ एवढंच उरलं. आमच्या बऱ्हाणपुरात मात्र मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे शब्दांचे जुने अर्थ इथे उशिरापर्यंत टिकतात.

आणि न जिंकण्या-न हरण्याचा हा एकच शब्द नव्हता. प्रतिपक्षाची सगळी मोहरी घेतली गेली आणि राजा एकटा उरला, तर फारसीत त्याला ‘बुर्द’ म्हणत. आपल्याकडे लोकांच्या तोंडी त्याचं ‘बुर्ज’ झालं, ‘बुर्जी’ झालं. एकट्या राजाला मात दिली तर तो शूरपणा कसला, असा त्यामागचा विचार. म्हणून बुर्ज म्हणजे अर्धा विजय. जिंकलात, पण पुरते नाही. मात वेगळी, बुर्ज वेगळा, कायम वेगळी. आज आपण या सगळ्या गोष्टींच्या जागी एक अपूर्णांक लिहितो आणि मोकळे होतो.

ज्या खेळात हे शब्द होते तो खेळही थोडा वेगळा होता. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तोवर, एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. माझा राजा तुमच्या वजिरासमोर आणि तुमचा माझ्या वजिरासमोर, अशी मांडणी असायची. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की वाटेल ते होत नसे. हत्तीच्या घरात पोहोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. नियम गावागावाला थोडे बदलायचे. परगावचा खेळाडू आला की आधी कायदे ठरवायचे आणि मग मोहरी मांडायची, अशी रीत होती.

या नियमांची चर्चा आपल्या शास्त्र्यांनीही केलेली आहे. मूळचं पैठणचं आणि काशीत स्थायिक झालेलं भट्ट घराणं प्रसिद्ध आहे. त्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ लिहिला, त्यातल्या ‘नीतिमयूखा’त राजनीतीच्या सोबत बुद्धिबळालाही जागा दिली. पुढे 1814 मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी रूपांतर छापलं गेलं. त्याच्या नावातच म्हटलं होतं की हे लेखन युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं आहे. म्हणजे पेशवाई अजून उभी होती, आणि पटावर मात्र जुळवून घेणं सुरू झालं होतं.

सगळ्यांत जास्त मतभेद एका प्रश्नावर होते. राजाला शह नाही, पण त्याला हलायला घरही नाही, आणि दुसरं कुठलं मोहरंही हलत नाही. मग काय करायचं? ही कोंडी. आमच्या गावात राहणाऱ्याला ती समजायला पट लागत नाही. बऱ्हाणपुरातून उत्तरेला पाहिलं की असीरगड दिसतो. 1600 साली अकबराच्या फौजेने त्याला वेढा घातला. लढून तो गड घेता येईना. शेवटी फारुकी राजा बहादूर खान बोलणी करायला खाली उतरला आणि परत जाऊ शकला नाही; 1601 च्या जानेवारीत गड मोगलांच्या हाती आला. किल्ला फुटला नव्हता, पण राजाला घर उरलं नव्हतं. ही मात म्हणायची, बुर्ज म्हणायचं की कोंडी? दादाजी आणि मास्टरसाहेब यावरही वाद घालू शकले असते.

कोंडीच्या बाबतीत आमच्या ओट्यावरचा कायदा सरळ होता. प्रतिपक्षाच्या राजाला कोंडायची मनाईच होती. अशी चाल केली तर ती परत घ्यायची आणि राजाला एक घर मोकळं सोडायचं. जिंकायचं असेल तर शह देऊन जिंका. श्वास बंद करून नाही. हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी असाच नियम होता.

हा कायदा माझ्या अंगाशी आला तो बारा वर्षांची असताना. एका शाळेत आंतरशालेय स्पर्धा होती. मुलींमध्ये बुद्धिबळ येणारी मी एकटीच, म्हणून मला मुलांमध्येच बसवलं. इंग्रजी नियम मी आठ दिवसांत पाठ केले होते. निदान तसं मला वाटत होतं. पहिल्याच फेरीत एका मोठ्या मुलाविरुद्ध माझ्याकडे वजीर आणि प्यादं उरलं, त्याच्याकडे नुसता राजा, कोपऱ्यात. मी घाईत वजीर आणून ठेवला. शह नव्हता आणि त्याच्या राजाला घरही नव्हतं. मी वाट बघत बसले, की आता हा म्हणेल, चाल परत घे. त्याने हात वर केला आणि पंचांना बोलावलं. पंच पट बघून म्हणाले, “बरोबरी. अर्धा-अर्धा.”

मी रडत घरी आले. दादाजी ऐकून संतापले. “ती चालच होत नाही! परत घ्यायला लावायला हवी होती.” मास्टरसाहेबांनी मात्र मला जवळ बसवलं आणि म्हणाले, “बेटा, जिस पट पे बैठो, उसका कायदा मानो.” दादाजींना ते पटलं नाही. त्यांच्या मते मी डाव जिंकलेला होता आणि कोणीतरी अर्धा गुण काढून घेतला होता.

खूप वर्षांनी मला कळलं की खुद्द इंग्लंडमध्ये हा कायदा एकदा अगदी उलटा होता. साधारण 1600 ते 1800 या काळात तिथे कोंडी करणाराच हरला असं मानत. म्हणजे माझा डाव त्या काळात लंडनमध्ये झाला असता तर मला अर्धाही गुण मिळाला नसता! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या खेळाडूंनी फ्रान्सकडे बघून नियम बदलला आणि कोंडीला बरोबरी ठरवलं. अर्धा गुणही फार जुना नाही. 1851 साली लंडनला पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा बरोबरीला किंमतच नव्हती. डाव पुन्हा खेळायचा. बरोबरीला अर्धा गुण देण्याची पद्धत 1867 साली स्कॉटलंडमध्ये डंडीच्या स्पर्धेत आली. जो नियम आम्हाला दगडावरची रेघ म्हणून शिकवला गेला, तो शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी बसून ठरवलेला होता.

त्या स्पर्धेनंतर आठवड्याभराने दादाजींनी मला ओट्यावर बोलावलं. म्हणाले, “शिकव मला तुझा इंग्रजी खेळ.” मी शिकवला. ते मन लावून शिकले. पण प्यादं दोन घरं पुढे येतं हे त्यांच्या नजरेत बसेना. त्यांचे डोळे पन्नास वर्षं एका घराच्या हिशेबाने चालत आले होते. शेजारून जाणारं प्यादं वाटेतच घेता येतं, ही गोष्ट तर त्यांना फसवणूकच वाटली. तीन डाव झाले आणि तिन्ही मी जिंकले. ज्या माणसाला आमच्या चार गल्ल्यांत कुणी सहज हरवू शकत नव्हतं, तो बारा वर्षांच्या पोरीकडून तीनदा हरला. ते रागावले नाहीत. मोहरी पिशवीत भरताना एवढंच म्हणाले, “आता या वयात नको.” दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आणि मास्टरसाहेब पुन्हा आपल्या कायद्याने खेळायला बसले.

अनुभव म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. दादाजी अनुभवी खेळाडू होते की नव्हते? पट तोच, मोहरी तीच. दोन-चार कायदे बदलले आणि पन्नास वर्षांची कमाई एका संध्याकाळी कमी पडली. ही गोष्ट एकट्या दादाजींची नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत हिंदुस्थानातल्या गावोगावच्या ओट्यांवर, पेढ्यांवर, तालमींच्या पायऱ्यांवर बसलेल्या हजारो माणसांचं हेच झालं. त्यातला एक माणूस मात्र दोन्ही पटांवर बसला आणि दोन्हीकडे उभा राहिला. त्याचं नाव सुलतान खान.

सुलतान खान पंजाबातल्या सरगोधा भागातल्या मिठा टिवाणा गावचे. वडिलांकडून नवव्या वर्षी देशी बुद्धिबळ शिकले. विशीत आले तेव्हा पंजाबात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. सर उमर हयात खान टिवाणा या जमीनदारांनी त्यांना आश्रय दिला आणि 1926 च्या सुमारास युरोपीय नियम शिकवायची सोय केली. विशी ओलांडल्यावर सगळे कायदे नव्याने शिकायचे! पण 1928 साली अखिल भारतीय अजिंक्यपद त्यांनी जिंकलं. नऊ डाव खेळले, आठ जिंकले, एक बरोबरीत सोडवला. पुढच्या वर्षी सर उमर त्यांना लंडनला घेऊन गेले, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ते ब्रिटनचे विजेते झाले. 1932 आणि 1933 सालीही त्यांनी तो किताब मिळवला. 1930 च्या अखेरीस सुरू झालेल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवलं, जो काही वर्षांपूर्वीपर्यंत जगज्जेता होता.

लोक त्यांचे हे विजय सांगतात. मला त्यांच्या बरोबऱ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. 1931 साली प्रागच्या ऑलिम्पियाडमध्ये ते इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसले. सतरा डाव झाले. आठ जिंकले, दोन हरले आणि सात बरोबरीत सुटले. ज्यांच्याशी बरोबरी केली त्यांत तेव्हाचा जगज्जेता अलेखिन होता, बोगोल्युबोव होता, अमेरिकेचा कॅशडन होता. हे सगळे पहिल्या दहा-पंधरा चालींचा अभ्यास पुस्तकांतून घोटून आलेले खेळाडू. सुलतान खान यांचा डाव सुरुवातीला नेहमी थोडा मागे पडायचा, कारण ज्या खेळात ते वाढले त्यात सुरुवात संथ असते. पण मोहरी कमी झाली आणि राजे बाहेर निघाले, की त्यांना हलवणं अवघड व्हायचं. आधी मागे पडायचं, मग एक-एक घर धरून सावरायचं, आणि शेवटी समोरच्याला म्हणायला लावायचं की यात आता काही उरलं नाही. अलेखिनशी झालेली बरोबरी म्हणजे ‘काहीच घडलं नाही’ असा डाव कसा म्हणायचा?

1933 च्या शेवटी सर उमरसोबत ते हिंदुस्थानात परतले, आणि 1935 साली त्यांचा सामना एका मराठी खेळाडूशी झाला. व्ही. के. खाडिलकर. दहा डावांचा सामना. त्यातले नऊ सुलतान खान जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. साडेनऊ विरुद्ध अर्धा.

इतिहासाच्या पुस्तकांत हा सामना एका ओळीत येतो, आणि ती ओळही सुलतान खान यांच्या पराक्रमासाठी लिहिलेली असते: दहा डावांत त्यांनी फक्त अर्धा गुण सोडला. ओळ खरीच आहे. पण तीच ओळ पटाच्या दुसऱ्या बाजूने वाचून बघा. माजी जगज्जेत्याला हरवून आलेल्या माणसासमोर खाडिलकर दहा वेळा बसले. दर वेळी मोहरी पुन्हा मांडली. नऊ वेळा राजा पाडला. आणि एकदा नाही पाडला.

ज्याने गंभीरपणे बुद्धिबळ खेळलं आहे त्याला माहीत असतं की वरचढ खेळाडूशी बरोबरी करणं हे कधीकधी जिंकण्यापेक्षा कठीण असतं. जिंकायला समोरच्याची एक मोठी चूक पुरते. बरोबरीला आपली एकही चालत नाही. समोरच्याला घाई नसते. तो तुमच्या पटावर एक कमकुवत घर शोधतो, तिथे मोहरी आणून उभी करतो आणि तुम्ही थकायची वाट बघतो. तुम्हाला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. एक, जिथे मार येणार आहे ती जागा. दुसरी, मनातला तो आवाज जो म्हणतो, हरणार तर आहोतच, मग लवकर हरू. नऊ पराभवांच्या शेजारी उभा असलेला तो एक अर्धा गुण मला या दुसऱ्या कारणासाठी मोठा वाटतो. तो आवाज खाडिलकरांनी निदान एकदा तरी ऐकला नाही.

आणि सुलतान खान यांना तरी पुढे काय मिळालं? ते पंजाबात परतले, शेती केली. फाळणीनंतर त्यांचं गाव पाकिस्तानात गेलं. 1966 साली सरगोध्यात ते वारले. ग्रँडमास्टर हा किताब त्यांना जिवंतपणी मिळाला नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघाने तो मानद म्हणून दिला 2024 साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. ज्याने साडेनऊ गुण घेतले त्यालाही हिशेब पुरा व्हायला इतकी वर्षं थांबावं लागलं.

त्या सामन्यानंतर सोळा वर्षांनी, 1951 मध्ये, अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 साली आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. नियम अर्थातच आंतरराष्ट्रीय. आता गंमत बघा. स्वतंत्र भारताचा पहिला राष्ट्रीय विजेता कोण, या प्रश्नाला एका नावाचं उत्तरच नाही. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या बरोबरीत राहिले आणि किताब दोघांत वाटला गेला. म्हणजे आपल्या राष्ट्रीय बुद्धिबळाची वहीच अर्ध्या-अर्ध्याने उघडते. मला हे फार आवडतं. दादाजींना सांगितलं असतं तर त्यांनाही आवडलं असतं. पण ते आमच्या ओट्यावर होते, आणि एलुरूच्या पटावर त्यांच्या कायद्याला जागा नव्हती. देशी खेळ कुणी बंद केला नाही. त्याच्या स्पर्धा कमी होत गेल्या, त्याचे डाव कुणी लिहून ठेवले नाहीत, आणि माझ्यासारख्या मुलामुलींनी तो पुढे शिकायचं सोडलं. या शेवटच्या कारणात माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

बरोबरीवर लोकांचा राग मात्र जुनाच आहे. कारपोव आणि कास्पारोव यांचा सामना सप्टेंबर 1984 मध्ये मॉस्कोत सुरू झाला. आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, असं ठरलं होतं. अठ्ठेचाळीस डाव झाले, त्यातले चाळीस बरोबरीत. फेब्रुवारी 1985 मध्ये शेवटी सामनाच निकालाशिवाय थांबवावा लागला. 2018 साली लंडनला कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा मुख्य डाव बरोबरीत सुटले. लोक म्हणाले, हा काय खेळ आहे? प्रेक्षकाला कुणीतरी पडलेलं बघायचं असतं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बरं झालं, कुणी मेलं नाही.

2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. दोघीही भारतीय. एकीकडे आंध्रची कोनेरू हंपी, अडतीस वर्षांची, पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झालेली. दुसरीकडे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, एकोणीस वर्षांची. माझी नात फोन घेऊन माझ्याजवळ बसली होती. पहिल्या दिवशीचा डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशीचाही. नात वैतागली, “दोन दिवस झाले, काहीच झालं नाही!”

मी तिला म्हटलं, अगं, पुष्कळ झालं. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या समोर वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव बसला आहे, आणि दोन दिवस तो तिला हलवू शकलेला नाही. आणि त्या अनुभवी बाईलाही या वादळासमोर दोन दिवस काही झालेलं नाही. दोघी उभ्या आहेत. तिसऱ्या दिवशी जलद डाव झाले. त्यातला पहिलाही बरोबरीत. चौथ्या डावात, काळ्या मोहऱ्यांनी खेळत, दिव्या जिंकली आणि डोळे पुसू लागली. चषकासोबत ग्रँडमास्टर किताबही तिला मिळाला. सगळीकडे तो शेवटचा डाव दाखवला गेला, आणि ते बरोबरच आहे. पण आधीचे तीन अर्धे नसते तर तो चौथा खेळायला ती बसलीच नसती.

दादाजी आणि मास्टरसाहेबांचा शेवटचा डावही कायम झाला, असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. मास्टरसाहेब मुलाकडे राहायला गेले तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी दोघं खेळले आणि दादाजी सरळ हरले. मात झाली. दादाजींनी राजा आडवा केला, मास्टरसाहेबांनी तो उचलून उभा केला आणि पिशवीत ठेवला. मग दोघंही उठले, कारण सूर्य बुडत होता.

पट अजून माझ्याकडे आहे. लाल बाजूचा एक घोडा हरवला आहे, त्याच्या जागी आम्ही सुताची रिकामी रिळ ठेवतो. परवा नातीला मी दादाजींच्या कायद्याने खेळायला बसवलं. प्यादी एकेक घर. राजाला एकदा उडी. कोंडीला मनाई. तिला वाटलं, हा लहान मुलांचा खेळ असेल. तासाभराने ती गप्प झाली. दोघींकडे दोन-दोन प्यादी, एकेक उंट, आणि कुणालाच पुढे सरकता येईना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आजी, आता? ड्रॉ?”

मी तिला तो जुना शब्द सांगितला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला, आणि मग वहीत तारीख घालून लिहून ठेवला.